चित्र उदास वाटतं, पण सगळे गौरव म्हणतात: 'द आर्किटेक्ट्स ड्रीम' वाचताना

तुझा प्रश्न थोडक्यात असा. आर्किटेक्चरच्या तिसऱ्या वर्षाला तुला थॉमस कोल या अमेरिकन चित्रकाराच्या 1840 सालच्या 'द आर्किटेक्ट्स ड्रीम' (आर्किटेक्टचं स्वप्न) या चित्रावर वर्गात बोलायचं आहे. चित्र बघताक्षणी तुला उदास वाटलं. मग वाचायला बसलीस तर जिथं तिथं 'वास्तुकलेचा गौरव' असंच लिहिलेलं. आता तू विचारतेस की माझं वाटणं चुकलं का, आणि ते प्रेझेंटेशनमध्ये ठेवू की काढून टाकू?

काढू नकोस. पण आत्ता लिहिलंयस तसं ठेवूही नकोस. का ते सांगतो. माझ्या विद्यार्थ्यांच्याच वयाची आहेस, म्हणून अगं-तुगं करतोय.

कोल्हापुरात मी तीसेक वर्षं चित्रकला शिकवतोय. त्यातली पहिली बारा-पंधरा वर्षं घर चालवण्यासाठी आर्किटेक्ट आणि बिल्डर लोकांना पर्स्पेक्टिव्ह काढून द्यायचो. कॉम्प्युटर यायच्या आधीचे दिवस. टी-स्क्वेअर, बटर पेपर, रोट्रिंग पेन आणि वर पोस्टर कलर. अजून न बांधलेली इमारत बांधल्यासारखी दाखवायची, हेच काम. त्यामुळे इमारतीचं चित्र माणसाच्या मनावर काय करतं आणि ते कशानं करतं, हे मी पुस्तकाआधी हातानं शिकलो.

तू दोन प्रश्न एका गाठोड्यात बांधलेस, असं मला वाटतं. चित्र बघून काय होतं, हा पहिला. त्याला भाव म्हणू. ते कोणी, कोणासाठी, कुठल्या काळात, काय मनात धरून काढलं, हा दुसरा. तो अर्थ. भावाचा पुरावा चित्राच्या चौकटीतच सापडतो: उजेड, आकार, अंतर, रंग. अर्थासाठी चौकटीबाहेर पडावं लागतं. 'गौरव' लिहिणारे बहुतेकजण अर्थाबद्दल बोलतायत, तू भावाबद्दल. त्यामुळे तुझं आणि त्यांचं अजून भांडण झालेलंच नाही.

आधी एक अट. तू हे चित्र मोबाइलवर पाहिलंयस, हो ना? मूळ तैलचित्र अमेरिकेत ओहायो राज्यात टोलेडोच्या कलासंग्रहालयात आहे, सुमारे साडेचार फूट उंच आणि सात फूट रुंद. मोबाइलवर ते तीन इंचांचं होतं. शिवाय एका प्रतीत ते पिवळसर दिसतं, दुसरीत निळसर, आणि भावाचा अर्धा जीव त्या फरकात असतो. म्हणून निदान तीन वेगवेगळ्या प्रती शेजारी ठेव. आणि घरातली सिंगल बेडची चादर आडवी भिंतीवर टांग. साधारण तेवढ्या मापाचं चित्र होतं ते. पाच फुटांवर उभी राहून त्या चादरीकडे बघ, मग पुन्हा मोबाइलमधलं चित्र बघ. उदासपणा कमी होतो की वाढतो, ते तुझं तुलाच कळेल. माझ्या एका विद्यार्थ्याला चादरीनंतर तो 'दबदबा' वाटायला लागला होता, आणि तोही खोटा म्हणता येणार नाही.

आता चित्रात काय आहे ते कुठलाही अर्थ न लावता सांगूया. दोन्ही बाजूंना नाटकाच्या रंगमंचावर असावा तसा पडदा, बाजूला सारलेला. पुढं एक प्रचंड खांब, आणि त्याच्या माथ्यावर मोठमोठ्या ग्रंथांवर रेललेला एक माणूस, हाताशी नकाशे. तो आर्किटेक्ट. डावीकडं गडद झाडीत गॉथिक, म्हणजे मध्ययुगीन युरोपातल्या टोकदार कमानींच्या शैलीतलं चर्च, त्याचा सुळका वर गेलेला, खिडक्यांत पिवळसर उजेड. उजवीकडं आणि मागं उन्हात न्हालेल्या इमारती: ग्रीक देवळं, रोमन गोल मंदिर, कमानींवरून पाणी नेणारा रोमन पूल, इजिप्तचं जाड खांबांचं देऊळ, आणि सगळ्यांच्या पाठीमागं धूसर, अवाढव्य पिरॅमिड. एकही इमारत पडकी नाही. सगळ्या काल बांधून झाल्यासारख्या.

एवढं लिहिल्यावर स्वतःला विचार, माझ्या उदासपणाचा उगम यातल्या कशात आहे? इथं मला माझाच एक अनुभव सांगायचाय.

नव्वदच्या दशकात एका बिल्डरसाठी मी एका अपार्टमेंटचं पर्स्पेक्टिव्ह केलं. जागा जुन्या गल्लीत होती, शेजारी एक दुमजली वाडा. मी संध्याकाळचा उजेड धरला, कारण त्या गल्लीत तोच छान पडायचा, आणि वाड्याची लांब सावली नव्या इमारतीच्या जोत्यावरून पहिल्या मजल्यापर्यंत चढवली. मला ते काम अतिशय आवडलं होतं. बिल्डरनं पाहिलं आणि एकच वाक्य बोलला: "गुरुजी, ह्यात राहायला कोण येणार?" रेघ कुठली चुकली नव्हती. खिडक्या, गॅलऱ्या, उंची सगळं प्लॅनप्रमाणं होतं. रात्री बसून तेच ड्रॉइंग नव्या शीटवर उतरवलं, सूर्य डोक्यावर घेतला, वाड्याची सावली काढून टाकली, पुढं दोन माणसं आणि एक गुलमोहर घातला. सकाळी तो खूश. त्या दिवशी मला समजलं की चित्रातली इमारत बोलते ती बहुतेक वेळा तिच्यावरच्या उजेडाच्या तोंडून.

तर कोलच्या चित्रातला उजेड बघ. तो डावीकडून, चर्चच्या पाठीमागून येतो. उजेड पाठीमागं असला की वस्तूची आपल्याकडची बाजू सावलीत जाते, तपशील गिळले जातात, आकार तेवढा उरतो. म्हणून चर्च काळोखं, गूढ, आणि तोच उजेड पलीकडं ग्रीक खांबांवर समोरून पडतो म्हणून तिकडचा खांब न् खांब मोजता येतो. आपला डोळा जवळच्या काळोखातून लांबच्या उजेडाकडं जातो. माझ्या मते तुझ्या उदासपणाचं पहिलं कारण हे: जे उजळ आहे ते लांब आहे, आणि जे जवळ आहे ते अंधारात.

पण इथं एक सावधगिरी. 'कलता उजेड म्हणजे शेवट, शेवट म्हणजे दुःख' असं कोष्टक बरेच विद्यार्थी पाठ करून येतात. कोल्हापूरच्या माणसानं तरी ते करू नये. अंबाबाईच्या देवळात नोव्हेंबरच्या 9, 10, 11 ला आणि 31 जानेवारी ते 2 फेब्रुवारीला काय होतं? मावळतीचं ऊन महाद्वारातून आत शिरतं आणि एकेक दिवस चढत पायांवरून देवीच्या मुखापर्यंत पोचतं. तेही मावळतीचंच ऊन, आणि लोक हात जोडून, श्वास धरून उभे असतात. ढग आला तर हळहळतात. तिथं तो उजेड इमारतीचं सार्थक आहे. म्हणजे नुसता कुठला प्रहर आहे यावर भाव ठरत नाही. उजेड कुठून निघतो, कशाला स्पर्श करतो आणि कोणापर्यंत पोचत नाही, यावर ठरतो.

हे डोळ्यानं पाहायचं असेल तर संध्याकाळी साडेपाचच्या सुमारास टाउन हॉलच्या बागेत जा. इमारतीच्या पूर्वेला उभी राहा, म्हणजे सूर्य तिच्या पाठीमागं येईल. टोकदार छपरांचा तो काळा दगड तुला सपाट, उंच आणि अनोळखी दिसेल. मग वळसा घालून पश्चिमेला ये. तीच इमारत, पाच मिनिटांनी, दगडाच्या फटीसकट समोर. जमलं तर दोन्हीकडून वॉटर कलरमध्ये छोटा वॉश, म्हणजे पातळ रंगाचा थर, टाक. सावलीला काळा रंग लावू नकोस. असा काळा बसाल्ट दगडसुद्धा सावलीत काळा नसतो. इंडिगो आणि बर्न्ट सिएना मिसळून बघ, पावसाळा असेल तर त्यात जांभळ्याचा थेंब. सावली अशी जिवंत झाली की तिचा भाव 'उदास' या एका शब्दात मावत नाही हे हातालाच कळतं.

आता माप. बिल्डर लोक मला हमखास सांगायचे, "माणसं जरा बारीक काढा, म्हणजे बिल्डिंग मोठी दिसते." जुनी युक्ती आहे. कोल तीच वापरतो, पण उलट्या हेतूनं, असं मला वाटतं. त्याचा आर्किटेक्ट एखाद्या बारक्या इमारतीएवढ्या खांबावर बसवलाय, आणि खांबाच्या माथ्यावर तो चिमणीएवढा दिसतो. ज्यानं हे सगळं मनात उभं केलं तोच त्यात इतका लहान. त्यात तो एकटा. तिथून खाली उतरायला जिना नाही. समोरच्या एकाही इमारतीत तो चालत जाऊ शकत नाही. आणि पडदा? पडदा सारलेला आहे, म्हणजे तो पुन्हा ओढला जाऊ शकतो.

इथवर भाव झाला. आता चौकटीबाहेर पडू.

हे चित्र इथिएल टाउन नावाच्या आर्किटेक्टनं काढून घेतलं होतं. खांबावर तसा मजकूरच कोरल्यासारखा रंगवलाय: टी. कोल यांनी आय. टाउन यांच्यासाठी रंगवलं, 1840. टाउनकडं वास्तुकलेच्या ग्रंथांचा फार मोठा संग्रह होता, आणि मोबदल्यातला काही भाग तो पुस्तकांच्या रूपात देणार होता. चित्रातला माणूस ग्रंथांवर रेललाय तो उगीच नाही. त्याच टाउननं न्यू हेवन शहरात एकाच मैदानालगत गॉथिक पद्धतीचं ट्रिनिटी चर्चही बांधलं आणि ग्रीक देवळाच्या घाटाचं राज्य सरकारचं सभागृहही. म्हणजे चित्रातलं डावीकडचं गॉथिक आणि उजवीकडचं ग्रीक हे टाउनचं रोजचं काम होतं. त्या शतकात आर्किटेक्टपुढं सगळ्या काळांच्या शैली पुस्तकात मांडून ठेवलेल्या असायच्या, आणि गिऱ्हाईक म्हणेल ती निवडायची.

आपल्याला हे परकं वाटायचं कारण नाही. आत्ता ज्याचा वॉश टाकायला सांगितला तो टाउन हॉल 1872 ते 1876 मधला, गॉथिक धाटणीचा. मेजर चार्ल्स मँट या ब्रिटिश आर्किटेक्टांचं काम. आणि 1884 मध्ये पूर्ण झालेला नवा राजवाडाही त्यांचाच, पण तिथं गुजरात-राजस्थानच्या जैन आणि हिंदू वास्तूंचे घाट, कोरीव खांब, नक्षी, आणि मधोमध मनोरा. एकच माणूस, एकच गाव, मध्ये थोडी वर्षं, आणि दोन वेगळी जगं. टाउन हॉलपासून राजवाड्यापर्यंत रिक्षानं गेलीस तर 'आर्किटेक्ट्स ड्रीम'चा छोटा प्रयोग तुझ्या डोळ्यांपुढून जातो. तिथं रिक्षात बसून विचार कर: हे वैभव आहे, की आपली स्वतःची शैली कुठली हे न सुचल्याची अडचण? एकोणिसाव्या शतकातल्या आर्किटेक्टपुढं हा प्रश्न खरोखरच उभा होता. त्यामुळे 'गौरव' हा अर्थ निराधार नाही, पण त्याला ही दुसरी बाजू चिकटलेली आहे.

आणखी पुढची गंमत म्हणजे टाउनला चित्र आवडलं नाही. त्याला निसर्ग जास्त हवा होता, इमारती कमी. कोलनं दुसरं काढून द्यायला नकार दिला आणि चित्र कोलकडंच राहिलं. माझ्या बिल्डरची गोष्ट सांगताना हे माझ्या डोक्यात होतं. फरक एवढाच की मी रात्री बसून दुसरं शीट काढलं.

आता कोलची स्वतःची बाजू. इथं माझा जीव जास्त गुंततो. कोल 1829 ते 1832 युरोपात होता. इटलीत त्यानं रोमन अवशेष डोळ्यांनी पाहिले. 1832 साली त्यानं रोमजवळचा एक पाण्याचा पूल रंगवलाय, मोडलेला, माळावर एकटा. आठ वर्षांनी या चित्रात तसाच पूल अखंड उभा आहे. मधल्या काळात, 1833 ते 1836, त्यानं पाच चित्रांची एक मालिका केली, 'द कोर्स ऑफ एम्पायर' नावाची. एका साम्राज्याचा रानटी काळापासून उदय, भरभराट, विध्वंस आणि शेवटी ओसाडी. तिसऱ्या चित्रात संगमरवरी शहर ऐन वैभवात आहे. पाचव्यात माणूस नाही. पुढं एक भलामोठा खांब तेवढा एकटा उरलाय, आणि त्याच्या माथ्यावर पक्ष्यानं घरटं केलंय.

दोन्ही चित्रं शेजारी ठेव. 1836 मध्ये एकट्या खांबाच्या माथ्यावर घरटं. 1840 मध्ये एकट्या खांबाच्या माथ्यावर माणूस, पुस्तकं पसरून. कोलनं या दोहोंचा संबंध जोडून काही लिहिलंय असा माझा दावा नाही. हे माझं वाचन आहे, आणि तू वापरलंस तर तुझ्या वर्गातही 'वाचन' म्हणूनच मांड. पण ज्या हातानं ओसाडी रंगवली त्याच हातानं हे अखंड शहर रंगवलंय, हे एकदा लक्षात आलं की त्यातलं ऊन मला निखळ आनंदाचं वाटत नाही. त्यानं त्या इमारतींचे सांगाडे पाहिलेले होते.

तेव्हा तू चुकलीस का? दिशा बरोबर आहे, शब्द भरड आहे. 'उदास' म्हणजे काहीतरी गेलं म्हणून मन खाली बसणं. या चित्रात गेलेलं असं काहीच दाखवलेलं नाही, सगळं शाबूत आहे, उजळ आहे, फक्त पोचता न येण्याजोगं आहे. आपल्याकडं याला नेमका शब्द आहे: हुरहूर. पंचगंगेच्या घाटावर दिवेलागणीला पलीकडच्या काठावरचा एखादा दिवा दिसतो तेव्हा होते ती. हुरहुरीत ओढ असते, म्हणून तिच्यात 'गौरव'ही मावतो. ज्याचं कौतुक नाही त्याची हुरहूर लागत नाही. हा शब्द घेतलास तर तुझं वाटणं आणि त्या लेखांचं म्हणणं यांत तुला एकाची निवड करावी लागणार नाही.

शब्द माझा आहे म्हणून घेऊ नकोस. ओढ, खंत, विरक्ती, दडपण, भव्यता, सगळे शब्द कागदावर लिही आणि एकेकाला विचार, चित्रातल्या कुठल्या गोष्टीवरून तू आलास? ज्याला उत्तर देता येणार नाही तो खोड. मी वर्गात हेच करून घेतो, आणि साधारण सहा शब्दांतले दोन शिल्लक राहतात.

प्रेझेंटेशनमध्ये मी असं काही म्हणेन: "या चित्रात सर्व इमारती अखंड आणि उजळ आहेत, पण पाहणारा आर्किटेक्ट लहान, एकटा आणि त्यांच्यापासून तुटलेला आहे. जवळचं चर्च सावलीत आहे. त्यामुळे मला हुरहूर जाणवते. टाउनची गॉथिक आणि ग्रीक दोन्ही शैलींतली कामं पाहता हे त्याच्या व्यवसायाचं कौतुक ठरतं. कोलच्या आधीच्या ओसाडीच्या चित्राशेजारी ठेवलं तर त्या कौतुकाला नश्वरतेची किनार येते, असं माझं वाचन आहे." दिसतं ते आधी, वाटतं ते नंतर, बाहेरून कळलेलं त्यानंतर, आणि जिथं तुझा अंदाज सुरू होतो तिथं 'माझं वाचन' हे शब्द स्पष्ट. परीक्षक हरकत घेतील ती त्या शेवटच्या वाक्यावर घेतील, आणि तिथं चर्चा व्हायलाच हवी.

एक चाचणी राहिली. चित्राचा फोटो मोबाइलमध्ये आरशासारखा उलटा कर, म्हणजे काळोखं चर्च उजवीकडं जाईल. आपण डावीकडून वाचायला सुरुवात करतो, त्यामुळे आता तुझी नजर उन्हातून शिरेल आणि अंधाराशी थांबेल. मग 2बी पेन्सिलनं आगपेटीएवढी दोन थंबनेल, म्हणजे छोटी कच्ची चित्रं, काढ, एक मूळ आणि एक उलटं, फक्त तीन टोनमध्ये: गडद, मध्यम, कागद. इमारती ओळखू आल्या नाहीत तरी चालेल. दोन्ही भिंतीला चिकटवून रात्रभर ठेव, आणि सकाळी चहा घ्यायच्या आधी बघ. उलट्या थंबनेलमध्येही तुला तेच वाटलं, तर कारण मापात आणि एकटेपणात आहे. वाटणं बदललं, तर ते उजेडाच्या दिशेत आहे. जे निघेल ते मला कळव. माझ्या हाताला दरवेळी यातलं दुसरं, उजेडाच्या दिशेचं उत्तर मिळालंय, पण मी ते काढून पाहिलं होतं तेव्हा माझं वय तुझ्या दुप्पट होतं.